छत काढावं की ठेवावं?

स्टँडर्ड हेराल्डचं छत बोल्टांवर बसवलेलं होतं. काही बोल्ट पुढच्या काचेच्या चौकटीवर, काही मागच्या सीटच्या पाठीमागे. ते सोडवले आणि चार जणांनी हात लावला की छत उचलून भिंतीला टेकवून ठेवता येई. बंद गाडी उघडी करायला करवत लागत नसे. मोटारींच्या दुनियेत अशी सोय विरळाच, आणि ती सुचली अडचणीतून. कॉव्हेंट्रीच्या स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलो हा कारखाना १९५३ साली प्रतिस्पर्धी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने विकत घेतला. मोठी, एकसंध बॉडी घडवून देणारं कोणी हाताशी उरलं नाही. मग कंपनीने जुन्या पद्धतीची वेगळी चॅसी ठेवली, पत्र्याचे लहान लहान भाग ठिकठिकाणी करून घेतले आणि ते चॅसीवर नट-बोल्टांनी आवळायचं ठरवलं. त्याला देखणं रूप दिलं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीने. एप्रिल १९५९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गाडी लोकांसमोर आली, तेव्हा रंगमंचावरच सुट्या भागांतून काही मिनिटांत हेराल्ड उभी करून दाखवली गेली. नाइलाजाची अशी जाहिरात इंग्रजांनीच करावी.

खालचा भाग तोच ठेवून वरचा बदलला की सलून, कूपे, इस्टेट आणि १९६० पासून कापडी टपाची कन्व्हर्टिबल, असं सगळं त्या एका सांगाड्यातून निघे. तीच चॅसी आखूड करून १९६२ मध्ये दोन माणसांची उघडी ट्रायम्फ स्पिटफायर आली. १९६६ मध्ये स्पिटफायरवर मागे उतरत जाणारं पक्कं छत आणि पुढे दोन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन बसवून जीटी सिक्स काढली. पक्क्या छताची घ्यावी की उघडी, हा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या शौकिनांचा कायमचा वाद. हेराल्डच्या घराण्यात या वादाच्या दोन्ही बाजू सख्ख्या नात्याच्या आहेत.

हेराल्ड स्वतः काही स्पोर्ट्स कार नव्हे. पण ब्रिटिश घडणीची, दोन दारांची, जागच्या जागी वळणारी आणि पुढचं अख्खं बॉनेट मडगार्डांसकट उचलून दाखवणारी गाडी आपल्या मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली ती हीच. मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाने १९६१ पासून ती इथे बनवली. इंग्लंडमध्ये इंजिन ११४७ सीसीचं झालं, इथे ९४८ सीसीवरच राहिलं. पुढे तिला चार दारं आली, मग सत्तरच्या दशकात गॅझेल हा तिचा भारतीय अवतार आला. त्या काळी बाजारात गाड्या तीनच. अँबॅसॅडर सरकारची, फिएट डॉक्टर-वकिलांची आणि टॅक्सीवाल्यांची, हेराल्ड हौशी माणसाची. बोल्ट सगळ्यांच्या हेराल्डला होते, पण आपल्या रस्त्यांवर ती दिसली छतासकटच. आज एखादी उघडी हेराल्ड रॅलीत दिसते, ती बहुधा मालकाने नंतर उघडलेली.

एवढं सोपं असून लोकांनी छत का काढलं नाही? ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत राहणाऱ्याला हे कोणी समजावून सांगायला नको. तरीही सांगतो, कारण ‘क्लासिक’ गाडी घ्यायची म्हटली की आजही बहुतेकांच्या डोळ्यांसमोर टप उघडलेली एमजी येते, डोक्यावर छत असलेली तिची बहीण येत नाही. माझं मत त्या बहिणीच्या बाजूचं आहे.

मुळात ब्रिटिश स्पोर्ट्स कार जन्मली उघडीच. १९४८ च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या अर्ल्स कोर्टच्या प्रदर्शनात जग्वारने एक्सके १२० ठेवली. ३.४ लिटरचं इंजिन आणि ताशी १२० मैल, म्हणजे १९३ किलोमीटरचा वेग. त्या वेळच्या जगात याहून वेगवान गाडी दुकानातून विकत मिळत नव्हती. पण या राजस गाडीच्या दारांना बाहेरून हँडल नव्हतं आणि खाली-वर होणाऱ्या काचा नव्हत्या. पाऊस आला की उतरायचं, मागचा कापडी टप ओढून पुढच्या काचेला अडकवायचा आणि दारांवर पारदर्शक पडदे खोचायचे. पावसात कल्याण स्टेशनबाहेर शेअर रिक्षात तिसऱ्या सीटवर बसून, गुडघा बाहेर आणि पडदा तोंडावर अशा अवस्थेत ज्याने प्रवास केला आहे, त्याला एक्सके १२० च्या सुखाची नेमकी कल्पना आहे. फरक मीटरचा आणि इंजिनाच्या आवाजाचा.

१९५१ मध्ये जग्वारने त्याच गाडीला पक्कं छत दिलं. आत लाकडी डॅशबोर्ड, दारांत खऱ्या काचा, बाहेरून हँडल. वेगाचे भक्त नाकं मुरडत राहिले. पण १९५२ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसजवळच्या मोंतलेरीच्या गोल ट्रॅकवर जग्वारला सात दिवस आणि सात रात्री गाडी सलग पळवून दाखवायची होती, तेव्हा निवडली ती छताची. स्टर्लिंग मॉससह चार ड्रायव्हरांनी आळीपाळीने ती चालवली. सरासरी ताशी १०० मैलांवर ठेवून आठवड्यात सुमारे २७ हजार किलोमीटर कापले. कामाची वेळ आली की कारखाना कोणती गाडी बाहेर काढतो, हे मला जाहिरातीतल्या फोटोपेक्षा जास्त बोलकं वाटतं.

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात ई-टाइप आली, तेव्हाही पहिल्यांदा दाखवली ती कूपेच. तिला गर्दी इतकी झाली की कंपनीचा टेस्ट ड्रायव्हर नॉर्मन ड्यूइस याला कॉव्हेंट्रीहून उघडी गाडी घेऊन रातोरात निघायला सांगितलं आणि तो ती चालवत वेळेवर पोचला. किमती पाहण्यासारख्या होत्या. इंग्लंडमध्ये करासकट उघडी ई-टाइप २,०९७ पौंडांना आणि छताची २,१९६ पौंडांना. छत, काच आणि मागचं दार जास्त, म्हणून पैसे जास्त, साधा हिशेब. एमजीचंही तेच. १९६२ ची एमजीबी उघडी होती. १९६५ मध्ये पिनिनफरिनाने तिच्यावर छत रेखलं, पुढची काच उंच केली, मागे वर उघडणारं दार दिलं आणि एमजीबी जीटी तयार झाली. तीही उघडीपेक्षा महाग होती.

आज तो हिशेब उलटला आहे. जुन्या गाड्यांच्या बाजारात उघडी ई-टाइप कूपेच्या वर भाव खाते आणि एमजीबी जीटी हौशी माणसाला उघड्या एमजीबीपेक्षा स्वस्तात मिळते. कारण उघड आहे. ही गाडी आता कोणाची एकमेव गाडी राहिलेली नाही. ती रविवारची आहे आणि रविवारी ऊन असलं तरच ती गॅरेजबाहेर निघते. इंग्लंडमध्ये ऊन हा पाहुणा असतो. तो आला की माणसं त्याच्यासाठी छत उघडतात आणि त्या चार दिवसांसाठी जास्तीचे पैसे मोजतात.

ठाण्यात ऊन पाहुणं म्हणून येत नाही. ते घरजावई आहे. मार्च-एप्रिलमध्ये डोंबिवली, कल्याण, बदलापूरकडे पारा चाळिशीपार जातो आणि दुपारी काळ्या रेक्झीनच्या सीटवर नुसता हात ठेवून बघावा. मग जून ते सप्टेंबर पाऊस, वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास. उरला हिवाळा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सहा ते साडेआठ हा टप उघडण्याचा काळ. त्यातही डोंबिवलीकरांचा अनुभव वेगळा. २०१४ च्या जानेवारीत तिथे हिरवा पाऊस पडला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये एमआयडीसीतला एक रस्ता गुलाबी झाला. आकाशातून काय पडेल याची खात्री नसलेल्या गावात डोक्यावर पत्रा असणं हा सावधपणा आहे.

आणि रस्ते. घोडबंदर रोडवर जेएनपीटीहून गुजरातकडे जाणारे कंटेनर असतात. उघड्या एमजीत बसलेल्या माणसाचं डोकं कंटेनरच्या चाकाच्या उंचीवर येतं. माजिवड्याच्या सिग्नलला उजवीकडे ट्रकचं चाक, डावीकडे बस आणि बसच्या खिडकीत गुटखा चघळणारा सज्जन. तो पिचकारी मारायच्या आधी खाली बघतो का, हे उघड्या गाडीच्या मालकाने विचारात घ्यावं. शीळफाट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरची धूळ तर छत, काच, दाराची रबरं या सगळ्यांना पुरून उरते. तिच्यापुढे कापडी टपाचं काय?

त्याशिवाय समाज आहे. आपल्याकडे उघड्या गाडीत बसलेला माणूस एकतर नवरदेव असतो किंवा उमेदवार. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते, नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या मुली आता सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत, आणि अशा मिरवणुकीत सजवलेल्या उघड्या वाहनाला मान असतो. बाकी दिवशी फडके रोडवरून टप उघडून गेलात तर लोक हात जोडतात किंवा हसतात. लग्नसराईत तर ओळखीचे, अनोळखी सगळे गाडी मागायला येतात आणि एकदा झेंडूच्या माळा चिकटपट्टीने बॉनेटवर लागल्या की रंगाचं काय होतं ते पेंटरला विचारा. सिनेमाने आपल्याला उघड्या गाडीतलं गाणं दिलं खरं, पण ‘आराधना’तसुद्धा ती जीप होती, आणि ती दार्जिलिंगला होती.

या भागात अशी गाडी राहते कुठे? बंगला असेल तर प्रश्न नाही. नौपाड्यात किंवा डोंबिवली पूर्वेत जुने बंगले पाडून टॉवर झाले आणि गाड्या स्टिल्ट पार्किंगमध्ये आल्या. तिथे वर स्लॅब आहे, पण चारी बाजू मोकळ्या. पावसाची झड आत येते. मांजरांना कापडी टप मनापासून आवडतो. मऊ असतो, किंचित खोलगट असतो आणि नखं धारदार करायला उत्तम. उंदीर वायरिंगकडे बघतात. सोसायटीतली मुलं स्टीअरिंग फिरवून बघतात आणि त्यांचा काही दोष नाही, मीही फिरवलं असतं. पक्क्या छताच्या गाडीला कुलूप लागतं. उघड्या गाडीलाही दाराला कुलूप असतं, पण टपाला एक ब्लेड पुरतं.

टप शिवणारे मात्र इथे आहेत आणि ही या गावांची मोठी जमेची बाजू. रिक्षांची हूडं, पडदे आणि सीटा शिवणारे कारागीर ठाण्या-कल्याणात अजून भरपूर काम करतात. रेक्झीन कापणं, दुमड शिवणं, बटणं ठोकणं त्यांच्या हातात आहे. त्यांना जुना टप नमुना म्हणून दिला, टाके उसवू दिले आणि घाई केली नाही, तर टप होतो. मेख दोन ठिकाणी असते. मागची प्लास्टिकची खिडकी आपल्या उन्हात लवकर पिवळी पडते आणि घडीवर तडकते. दुसरं म्हणजे नवं कापड ताणून बसवलं की उन्हात ते आकसतं, मग पुढची पट्टी काचेच्या चौकटीपर्यंत पोचतच नाही. शिवणारा सांगतो, थोडं ढिलं ठेवा. ढिलं ठेवलं की महामार्गावर ते फडफडतं. आणि ओला टप दुमडून ठेवला तर दोन दिवसांत बुरशी. म्हणून पावसाळ्यात टप कायम वर ठेवायचा हा नियम, आणि तसा ठेवला की मग उघडी गाडी घेतली कशाला?

छताचं खरं काम सावली देण्यापलीकडचं आहे. एमजीबीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. छत काढलं की पुढची आणि मागची बाजू वरून बांधणारं काही उरत नाही आणि सगळा पीळ दारांखालच्या सिलवर येतो. खड्ड्यात एक चाक गेलं की पुढच्या काचेची चौकट थरथरते, डॅशबोर्ड कुरकुरतो. जीटीला तो पीळ छत वाटून घेतं, म्हणून तीच गाडी जास्त घट्ट वाटते. एमजीने १९७३ मध्ये साडेतीन लिटरचं व्ही-एट इंजिन घातलं तेव्हा कारखान्यातून ती फक्त जीटी म्हणूनच निघाली. उघडी व्ही-एट त्यांनी विकली नाही. त्याच सुमाराला अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येणार अशी धास्ती होती, म्हणून १९७५ ची ट्रायम्फ टीआर सेव्हन आली ती पक्क्या छताचीच. बंदी आली नाही. लोक ओरडले आणि काही वर्षांनी उघडी टीआर सेव्हन काढावी लागली.

हेराल्ड आणि स्पिटफायर या बाबतीत सुदैवी, कारण त्यांना वेगळी चॅसी आहे. छत गेलं तरी कणा शाबूत राहतो. म्हणूनच ते बोल्ट इतके मोहात पाडणारे.

पक्क्या छताचे दोष लपवण्यात अर्थ नाही. जीटी सिक्स ही आतून तापणारी गाडी म्हणून जगभर बदनाम आहे. सहा सिलिंडरचं इंजिन पायांपाशी, गिअरबॉक्सचं झाकण मांडीला लागून, आणि वर उतरती काच. मे महिन्यात तिला घेऊन कोपरीच्या पुलावर अडकणं म्हणजे शिक्षा. एमजीबी जीटीत निदान तिकोनी काच आहे, आपल्या जुन्या फिएटला असायची तशी, आणि मागच्या बाजूच्या काचाही थोड्या उघडतात. पण एसी नाही. दुपारी एक ते चार या वेळेत यातली कुठलीच गाडी बाहेर काढू नये, हे एवढं पाळलं तर जीटी वर्षभर चालवता येते. उघडी गाडी वर्षभर फक्त पुसता येते.

आणि इथे येतो माझा मुख्य मुद्दा. इंग्लंडमधला माणूस ऊन पडलं की फिरायला निघतो. आपण पाऊस पडला की निघतो. कल्याणहून मुरबाड, टोकावडे करत माळशेजकडे जाणारा रस्ता हा या भागातल्या गाडीवाल्याचा हक्काचा रस्ता. तो एप्रिलमध्ये तपकिरी आणि कंटाळवाणा असतो. जुलैत दोन्ही बाजूंनी भातखाचरं भरलेली, नाणेघाटाचा कडा ढगात, घाटात धबधब्याचं पाणी थेट रस्त्यावर. जुनी गाडी चालवण्याचा आनंद वळणांत, तिसऱ्या गिअरमधल्या इंजिनाच्या आवाजात आणि हलक्या स्टीअरिंगमध्ये असेल, तर तो आनंद आपल्याला पावसातच मिळतो. तेव्हा उघड्या गाडीचा टप वर असतो, काच धुकट असते, शिवणीतून मांडीवर थेंब पडत असतो आणि बाहेरचं काही दिसत नसतं. जीटीत मोठ्या काचेतून सगळा घाट दिसतो. थंडीसाठी दिलेला हीटरही इथे कामाला येतो, काचेवरचं धुकं पुसायला. वायपर मात्र त्या काळचेच, संथ. माळशेजच्या सरीला ते पुरत नाहीत. थांबून चहा प्यावा.

हिवाळ्यातली एखादी पहाट उघड्या गाडीला द्यायला माझी ना नाही. टिटवाळ्याच्या दिशेने सहाला निघावं, गार वारा, ओल्या गवताचा वास. पण तेवढ्यासाठी गाडी घ्यायची का मित्राची मागायची, हे ज्याचं त्याने ठरवावं.

अशा गाड्या आपल्याकडे आल्या कशा, हेही पाहायला हवं. स्वातंत्र्यानंतर मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले आणि ब्रिटिश स्पोर्ट्स कार दुर्मीळ झाली. काही संस्थानिकांकडे, काही चहाच्या मळ्यांवर, काही परदेशातून परतणाऱ्यांबरोबर. वकिलातींच्या अधिकाऱ्यांनी मागे ठेवलेल्या गाड्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात. त्यामुळे आपल्याकडच्या मालकाला निवड फारशी नसे. मिळेल ती गाडी, असेल त्या छताची. स्वतः बनवण्याचा प्रयत्नही झाला. गोव्यात सॅन मोटर्सने नव्वदच्या दशकाच्या अखेरीस फायबरग्लासची, ११४९ सीसी रेनो इंजिनाची सॅन स्टॉर्म ही लहानशी उघडी गाडी काढली. गोव्याच्या किनाऱ्यावर ती शोभली असती. खपली मात्र अगदी थोडी. थारचंही पाहा. २०२० मध्ये महिंद्राने ती कापडी आणि पक्क्या अशा दोन्ही छतांत आणली, पण २०२३ ची स्वस्त रिअर व्हील ड्राइव्ह थार फक्त पक्क्या छताची. गिऱ्हाइकाने कौल दिला होता.

सुट्या भागांच्या बाबतीत मात्र नशीब आपल्या बाजूला आहे. १९५५ च्या एमजीएचं १४८९ सीसीचं बी-सीरिज इंजिन आणि आपल्या अँबॅसॅडरचं १४८९ सीसीचं इंजिन एकाच घराण्यातली. बोअर तोच, स्ट्रोक तोच. एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन त्याच कुळातलं थोरलं. अँबॅसॅडरच्या इंजिनात आयुष्य घालवलेला मेकॅनिक एमजीचं बॉनेट उघडतो तेव्हा त्याला परकं वाटत नाही, कार्बुरेटर दोन दिसले म्हणून तेवढं थोडं थांबतो. दिव्यांच्या आणि डायनॅमोच्या ज्या लुकास कंपनीला इंग्रज आजही शिव्या घालतात, तिने १९६१ मध्ये मद्रासला टीव्हीएसबरोबर कारखाना काढला, त्यामुळे लुकासचं नाव आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या ओळखीचं. बुश, पिना, शाफ्ट यांसाठी वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आहेत. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना होता, नव्वदच्या दशकात तिथून पूझो ३०९ बाहेर पडत; या पट्ट्याला मोटारीचं काम नवीन नाही. फक्त पाने मिलिमीटरचे चालत नाहीत, इंची संच वेगळा घ्यावा लागतो. नवी काळजी पेट्रोलची. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. ते जुने रबरी पाइप आणि कॉर्कची सीलं खातं आणि पावसाळ्यात उभ्या गाडीच्या टाकीत ओल ओढतं. पाइप इथेनॉल सोसणारे टाकून घ्यावेत आणि गाडी चालती ठेवावी. चालती ठेवायची तर पुन्हा छताचीच.

राहता राहिला हेराल्डच्या बोल्टांचा मोह. त्यात आता कायदा आडवा येतो. मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठणकावून सांगितलं. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीला पन्नासहून अधिक वर्षं झालेली आणि चॅसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी ‘व्हिंटेज’. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला पाच हजार, मुदत दहा वर्षं, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं यासाठी ती रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी वा धंद्यासाठी नाही. लग्नाला भाड्याने द्यायचा विचार असणाऱ्यांनी शेवटचे शब्द पुन्हा वाचावेत. छत काढून मिरवलेली सलून हेराल्ड या व्याख्येत बसवताना आरटीओत काय बोलणार? आधीच्या मालकाने छत काढलं असेल आणि ते कुठेतरी माळ्यावर पडून असेल, तर गाडीबरोबर तेही मागून घ्यावं. बोल्ट नवे मिळतात.

घ्यायचीच असेल तर पाहणीची पद्धत अशी. गाडी दिवसा उजेडात बघावी, धुऊन ठेवलेली असेल तर संशय घ्यावा. खिशात छोटा लोहचुंबक ठेवावा आणि सिलवर, मागच्या चाकांच्या कमानींवर, जीटी असेल तर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यांत लावून बघावा. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा सडलेला आणि लांबी भरून रंग मारलेला. आतला गालिचा उचलून फरशीचा पत्रा अंगठ्याने दाबावा. उघडी गाडी असेल तर हे दोनदा करावं, कारण आपल्या एका पावसाळ्यात तिच्या फरशीवर जेवढं पाणी साठतं, तेवढं इंग्लंडात अनेक वर्षांत साठत नसेल. मग दारामागे जॅक लावून एक बाजू उचलावी आणि दार उघडून बंद करावं. दार अडकलं तर सिल गेली, आणि सिलचं काम करणारा डेंटर आधी छताला किंवा दाराच्या फटीला आधार बांधतो का, हे विचारून घ्यावं. नाही म्हणाला तर दुसरा शोधावा. जीटीच्या किमतीत आणि उघड्या गाडीच्या किमतीत जो फरक पडेल, तो याच कामावर खर्च होणार आहे.